डोळे आले आणि पाय गेला

"लेकराला शाळेत धाडू नको गं माय! समद्यांचे डोळे आलेत. त्याच्यानं पाय जातो."

2023 चा पावसाळा होता. सगळ्या महाराष्ट्रात डोळ्यांची साथ पसरली होती. आमच्या जुन्या जालन्यातही आषाढीची आनंदी स्वामींची यात्रा उरकली आणि घराघरांत काळे चष्मे दिसायला लागले. माझ्या मुलाचेही डोळे लाल झाले, तेव्हा आत्याबाई घाबरून असं बोलल्या. मला हसू आलं. डोळ्यांचा आणि पायाचा काय संबंध? आज मात्र त्या हसण्याची लाज वाटते.

आत्याबाई म्हणजे आमच्या ह्यांची आत्या. डावा पाय बारीक, चालताना गुडघ्यावर हात टेकवून पाय पुढे टाकायचा. मी लग्न होऊन या वाड्यात आले तेव्हापासून त्यांना अशीच बघते आहे. "भानामतीचा पाय आहे," एवढंच कुजबुजत्या आवाजात मला सांगितलं गेलं होतं. महिला मंडळात मी अंधश्रद्धेवर बोलते, बचतगटाच्या बायकांना दवाखान्यात घेऊन जाते. पण आपल्याच घरातल्या या पायाची गोष्ट मी कधी नीट विचारली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या दिवशी विचारली. 1981 साल. आत्याबाई चोवीस वर्षांच्या, मुंबईत परळच्या चाळीत नवा संसार. डोळ्यांची साथ आली, त्यांचेही डोळे आले. चार-पाच दिवसांत बरे झाले. दोन आठवड्यांनी अंगात कणकण, कंबर आणि मांडी ठणकायला लागली. आणि एका सकाळी नळावर जाताना उंबऱ्यावर पाय उचललाच जाईना. जवळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा आहे." सासूबाईंनी अंगारे-धुपारे केले. सहा महिन्यांत मांडी वाळून काटकी झाली. मग नवऱ्याने जालन्याच्या स्टेशनवर आणून सोडलं, ते कायमचंच. पुढे त्याने दुसरं लग्न केलं.

"माझ्या हातून काय पाप झालं, ते चाळीस वर्षं शोधते आहे," त्या म्हणाल्या.

एवढ्यात त्यांचा तो पाय पूर्वीपेक्षा लवकर थकत होता. मी हट्टाने त्यांना छत्रपती संभाजीनगरला मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लहानशा हातोडीने उजव्या गुडघ्याखाली टकटक केली, पाय टुणकन उडाला. डाव्याला काहीच नाही. मग मांडीवरून कापूस फिरवला. "कळतंय ना?" "कळतंय की!" स्पर्श शाबूत, ताकद तेवढी गेलेली. शेवटी स्नायूत बारीक सुई घालून विजेच्या यंत्रावर तपासणी केली. आत्याबाईंनी डोळे आल्याचं सांगितलं, तेव्हा डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "आजी, नोशीर वाडियांचं नाव ऐकलंय का?"

त्यानंतर त्यांनी जे समजावलं, ते मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

आपल्या पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो. त्याच्या पुढच्या बाजूला ज्या चेतापेशी असतात, त्या आपल्या स्नायूंच्या मालकिणी. कमरेजवळच्या पेशीतून निघालेला धागा थेट पावलापर्यंत, जवळजवळ मीटरभर लांब जातो! एकेका पेशीच्या हाताखाली स्नायूचे ठरावीक तंतू असतात. डोळा हलवणाऱ्या स्नायूत एका पेशीकडे जेमतेम दहा-वीस, तर पोटरीत हजाराहून जास्त. मेंदूने कितीही हुकूम सोडले तरी ते या पेशींमार्फतच स्नायूपर्यंत पोहोचतात. इंग्लंडचे चार्ल्स शेरिंग्टन यांनी हे उलगडलं आणि त्यांना व एडगर एड्रियन यांना 1932 साली नोबेल मिळालं. सुईने स्नायूतली वीज टिपण्याची पद्धत एड्रियन यांच्याच कामातून आली.

अमेरिकेचे एलवूड हेनमन यांनी आणखी एक गंमत दाखवली. काम हलकं असेल तर आधी लहान पेशी कामाला लागतात आणि जड झालं तर मग मोठ्या. म्हणजे चहाचा कप उचलताना चार जणी पुरतात, पाण्याची कळशी उचलताना सगळ्या जावा-नणंदा धावून येतात!

या पेशी मेल्या की स्नायू पोरका होतो आणि वाळतो. पोलिओचा विषाणू नेमक्या याच पेशी मारतो. स्पर्शाचे धागे वेगळे असल्यामुळे ते वाचतात. पण पोलिओ बहुतेक लहान मुलांना व्हायचा. मग चोवीस वर्षांच्या बाईचं काय?

इथे डॉ. वाडियांची गोष्ट येते. जन्म 1925, सुरतेचा. शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, नंतर विलायतेत. परत येऊन त्यांनी जे.जे. रुग्णालयात मज्जासंस्थेच्या आजारांचा विभाग उभा केला. 1971 साली मुंबईत डोळ्यांची जोरदार साथ आली. ही नव्याच प्रकारची साथ 1969 साली आफ्रिकेतल्या घानात सुरू झालेली. माणूस चंद्रावर उतरला ते वर्ष, म्हणून तिकडे तिला 'अपोलो' म्हणत. बंगालात ती 'जय बांगला' झाली. त्याच सुमारास वाडियांकडे पोलिओसारखे लुळे पडलेले रुग्ण यायला लागले. पण हे तर मोठी माणसं! वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाची आधीची हकीकत खोदून विचारली, तेव्हा सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी निघाली: थोड्या दिवसांपूर्वी डोळे आले होते.

1972 साली त्यांनी हे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. त्या साथीचा विषाणू पोलिओच्याच कुळातला निघाला. त्याला 'एंटेरोव्हायरस 70' असं नाव मिळालं. 1981 च्या मुंबईच्या साथीत असे रुग्ण पुन्हा दिसले. त्यांची रक्ततपासणी करून वाडियांच्या गटाने तेही प्रसिद्ध केलं. डॉ. वाडियांना 2012 साली पद्मभूषण मिळालं, 2016 साली ते गेले.

1981 आणि मुंबई! मी आत्याबाईंकडे बघितलं.

"चाळीस वर्षांनंतर विषाणू कोणता होता याची खात्री कुणालाच देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण सुईची तपासणी सांगते की कमरेतल्या त्या पेशी फार पूर्वी गेल्या आहेत आणि हकीकत तंतोतंत जुळते." पाय आताच का थकतो तेही त्यांनी सांगितलं. ज्या पेशी वाचल्या, त्यांनी फांद्या फोडून पोरके तंतू सांभाळले. चाळीस वर्षं दुप्पट-तिप्पट संसार ओढल्यावर त्याही दमतात. म्हणून थकेपर्यंत व्यायाम नको, थोडं चालायचं, थोडं बसायचं, काठी वापरायची.

परतीच्या एस.टी.त आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बदनापूर मागे पडलं तेव्हा बोलल्या, "म्हंजी माझं पाप नव्हतं."

"नव्हतं, आत्याबाई."

"आन् सासूची करणी बी नव्हती. मी बी तिला उगाच शिव्या दिल्या गं!"

चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं दोघी एकमेकींना दोष देत राहिल्या आणि खरा चोर डोळ्याला न दिसणारा!

मैत्रिणींनो, घाबरून जाऊ नका. डोळे आले म्हणून पाय जात नाही. तेव्हाही साथीतल्या फार थोड्यांना हा त्रास झाला, आणि तो विषाणू आता क्वचितच आढळतो. डोळे आले तर हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, दुकानातून मनाने थेंब आणून घालू नका. पण मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. भारत 2014 साली पोलिओमुक्त ठरला, तरी पंधरा वर्षांखालच्या अशा प्रत्येक मुलाची नोंद होऊन शौच तपासली जाते. ते का, हे आता तुम्हाला कळलं असेल.

आणखी एक सांगते. डॉक्टरांकडे गेलात की महिन्याभरात जे जे झालं ते सगळं सांगा, 'त्याचा काय संबंध' म्हणून गाळू नका. वाडियांचा शोध रुग्णांच्या अशाच बोलण्यातून लागला. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस काही विचित्र बोललं, तर हसण्याआधी विचारा, "असं का म्हणता?"

आत्याबाई आता काठी घेऊन चालतात. परवा गल्लीत कुणीतरी नव्या सुनेला हळूच 'भानामतीचा पाय' म्हणालं. आत्याबाई थांबल्या, काठी आपटली आणि ठसक्यात म्हणाल्या, "भानामती न्हाई, आजार होता त्यो. मुंबईच्या डाक्टरानं शोधलेला!"