इतिहाससंस्थेची तीन सार्वजनिक कर्तव्ये

इतिहाससंस्थेने समाजासाठी नेमके काय करायचे असते? कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील एशियाटिक सोसायटीच्या वाटचालीत याचे उत्तर सापडते. विल्यम जोन्स यांनी १५ जानेवारी १७८४ रोजी तिची स्थापना केली.

पहिले कर्तव्य जतनाचे. अनेक भाषांतली आणि लिप्यांतली हजारो हस्तलिखिते, तसेच बैराटला सापडलेला सम्राट अशोकाचा शिलालेख सोसायटीने सांभाळला आहे.

दुसरे कर्तव्य वाचून, अर्थ लावून प्रसिद्ध करण्याचे. सोसायटीचे सचिव जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये अशोककालीन ब्राह्मी लिपी उलगडली. आपल्या नाणेघाटातले आणि कार्ल्यातले लेख वाचण्याची वाटही त्यामुळेच मोकळी झाली.

तिसरे कर्तव्य खुलेपणाचे. सोसायटीच्या संग्रहातून १८१४ मध्ये संग्रहालय उभे राहिले. तेच आजचे इंडियन म्युझियम. भारतीयांना मात्र सदस्यत्वासाठी १८२९ पर्यंत थांबावे लागले, आणि पहिले भारतीय अध्यक्ष राजेंद्रलाल मित्र १८८५ मध्ये झाले. ज्यांचा इतिहास, त्यांनाच दार बंद ठेवणारी संस्था अपुरीच राहते.

१९८४ मध्ये संसदेने कायदा करून सोसायटीला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. महाराष्ट्रात असेच काम पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून करत आहे.

या कामात नागरिकांचाही वाटा आहे. घरात मोडीतले जुने दप्तर असेल, तर ते रद्दीत घालू नका; जवळच्या संशोधन संस्थेला आधी दाखवा.