ओढ्याकाठचा वर्ग

महाराष्ट्रातील नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘जलसुरक्षा’ हा विषय अभ्यासक्रमात आला आहे. ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि पुस्तकातली नदी आणि गावाजवळून वाहणारी नदी यांची गाठ विद्यार्थ्याच्या मनात कोणी व कशी घालून द्यावी, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नावर दीर्घकाळ पद्धतशीर काम झालेल्या प्रदेशांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागराच्या खोऱ्याची गणना होते. तेथील अनुभव आपल्या पालकांनी व शिक्षकांनी समजून घेण्याजोगा आहे.

चेसापीक उपसागर सुमारे 320 किलोमीटर लांब आहे. त्याचे पाणलोट क्षेत्र मात्र सुमारे 1,66,000 चौरस किलोमीटर असून ते सहा राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये पसरले आहे. तेथे 1 कोटी 80 लाखांहून अधिक लोक राहतात. शेतांतील खते, घरांपुढील हिरवळीवर टाकलेली खते आणि सांडपाणी यांतून नत्र व स्फुरद ओढ्यांवाटे उपसागरात पोहोचतात. त्यामुळे शेवाळ माजते आणि तळाच्या पाणवनस्पतींना सूर्यप्रकाश मिळेनासा होतो. पुढे शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व जलचर गुदमरतात. या हानीचा सारा भार एकाच कारखान्यावर टाकता येत नाही. लाखो घरांच्या नावे थोडीथोडी बाकी निघते. म्हणूनच खोऱ्यातील प्रत्येक मुलाला आपला ओढा ओळखता यावा, असा विचार पुढे आला.

उपसागराच्या रक्षणासाठी संबंधित राज्यांनी 1983 मध्ये पहिला करार केला. 2000 च्या करारात एक शैक्षणिक वचन घातले गेले : शालेय शिक्षण संपण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला उपसागराचा किंवा ओढ्याचा एक तरी अर्थपूर्ण प्रत्यक्ष अनुभव मिळावा. 2002 मध्ये केंद्र सरकारच्या सागर व हवामान विभागाने अशा उपक्रमांना अनुदान देण्याची योजना सुरू केली. 2014 च्या करारात प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक अशा तिन्ही टप्प्यांवर असा अनुभव मिळावा, असे उद्दिष्ट ठरले. मेरीलँड राज्याने 2011 मध्ये पर्यावरण साक्षरता ही शालेय पदवीसाठी आवश्यक अट केली.

‘अर्थपूर्ण’ या शब्दाला येथे निश्चित आशय आहे. उपक्रमाचे चार भाग असतात. प्रथम विद्यार्थी आपल्या परिसराविषयी एक प्रश्न ठरवतात. उदाहरणार्थ, शाळेच्या मैदानावर पडलेले पावसाचे पाणी कोठे जाते? मग ते ओढ्यावर जाऊन पाण्याचे तापमान, सामू, गढूळपणा आणि विरघळलेला प्राणवायू मोजतात. तिसऱ्या भागात नोंदी पडताळून निष्कर्ष काढले जातात. चौथ्या भागात त्या निष्कर्षातून सुचलेली एखादी कृती विद्यार्थी स्वतः करतात. कोठे काठावर झाडे लावली जातात, कोठे पावसाचे पाणी मुरवणारी बाग तयार होते, तर कोठे गटारांच्या तोंडाशी ‘हे पाणी उपसागरात जाते’ अशी सूचना रंगवली जाते.

पाण्याची परीक्षा करताना तळाच्या दगडांखाली राहणाऱ्या लहान जीवांचीही पाहणी होते. मेफ्लाय, स्टोनफ्लाय यांसारख्या कीटकांची पिल्ले दूषित पाण्यात तग धरत नाहीत. काही कृमी व जळवा मात्र घाणीतही राहतात. कोणते जीव आढळतात, यावरून ओढ्याची प्रकृती कळते. निरीक्षण संपले की हे जीव जिथून घेतले तिथेच जिवंत सोडायचे, ही चांगल्या उपक्रमातील शिस्त होय. पाणी गाळून जिवाणी मूळ जलाशयात परत सोडण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, त्यांना ती अपरिचित वाटणार नाही.

या साऱ्याचा कणा म्हणजे शिक्षक. विद्यार्थ्यांना ओढ्यावर नेण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः पाण्यात उतरून मोजमाप शिकावे, म्हणून तेथे शिक्षकांची प्रशिक्षणे भरतात. ज्या शिक्षकाने ओढा पाहिलेला नाही, त्याच्या हाती ही भेट सहल होऊन बसते.

इतके करूनही चेसापीक पूर्णपणे शुद्ध झालेला नाही. प्रदूषण कमी करण्यासाठी 2025 पर्यंतची जी उद्दिष्टे ठरली होती, ती सर्व साध्य झाली नाहीत. शिक्षण हे सांडपाणी प्रक्रिया केंद्राची जागा घेऊ शकत नाही. परंतु आपले पाणी पारखता येणारा नागरिक त्यातून घडू शकतो, आणि असा नागरिक प्रशासनाला नेमका प्रश्न विचारू शकतो.

आपल्याकडे या प्रश्नाची निकड अधिक आहे. पंचगंगेचेच पाहा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी घेऊन ती प्रयाग चिखलीहून पुढे येते आणि नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. वाटेत कोल्हापूरचा जयंती नाला तिला मिळतो. शहरांचे सांडपाणी आणि उद्योगांचे दूषित पाणी तिच्यात येते. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ पसरली व माणसे दगावली. 2 ऑक्टोबर 2022 रोजी सेवाग्राम येथून राज्य शासनाने ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू केले. अशा अभियानाला शाळांची नित्य साथ मिळाल्यास त्याचे आयुष्य वाढेल.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. तापमापक, सामू दाखवणारा कागद, गढूळपणा पाहण्यासाठी पारदर्शक नळी आणि एक नोंदवही एवढ्यावर आरंभ होतो. सांडपाण्याच्या नाल्याची पाहणी काठावरूनच करावी, हातमोजे वापरावेत आणि पुराच्या दिवसांत नदीकडे फिरकू नये, ही पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यांत नवव्या इयत्तेने नोंद करावी आणि वही पुढच्या तुकडीच्या स्वाधीन करावी. दहा वर्षांनी त्या वहीत गावाच्या पाण्याचा असा हिशेब जमा झालेला असेल, की ग्रामसभेत तो वाचून दाखवला तर कोणालाही तो सहजी नाकारता येणार नाही.