लक्ष पायाकडे नको

खेळताना डोक्याला दुसरं काम दिलं, तर खेळ बिघडेल? अमेरिकेतल्या सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फुटबॉलपटूंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. शंकूंमधून नागमोडी ड्रिबलिंग करायचं. कधी कानावर पडणाऱ्या शब्दांतून ठरलेला शब्द ओळखून उच्चारायचा, तर कधी इशारा होताच चेंडूला पायाची कोणती बाजू लागली ते सांगायचं. मुरलेले खेळाडू शब्द ऐकताना सरस ठरले. पायाकडे लक्ष जाताच मंदावले. अंगवळणी पडलेली हालचाल सलग होते, लक्ष तिचे पुन्हा तुकडे पाडतं. म्हणूनच ऐन सामन्यात तयार खेळाडूला ‘पाय बघ’ असं ओरडणं मला घातक वाटतं. नवशिक्यांचं मात्र नेमकं उलट. आणि मुरलेल्यांना कमी सवयीच्या पायाने खेळवलं, तर तेही नवशिक्यांसारखेच: पायाकडे लक्ष दिलं तेव्हाच खेळ सुधारला!