पाण्याखालच्या पानाचा उजेड

पोरी, तुझ्या फिश टँकवर कोणता दिवा लावायचा ते सांगतो, पण आधी मनानं शेवगावच्या पुढं चल. गोदावरी अडवून झालेल्या नाथसागराचं पाणी तिथं आपल्या नगर जिल्ह्यात शिरलंय. हिवाळ्यात लोक रोहित पक्षी बघायला जातात आणि दुर्बीण लावून लांबच बघत बसतात. तू मात्र काठच्या उथळ पाण्यात वाकून बघ. तळाशी हायड्रिला नावाचं पाणझाड असतं, व्हॅलिस्नेरियाची लांब अरुंद पानं असतात. दुपारचं ऊन खाली पोचलं की त्यांच्या कडांना बारीक बुडबुडे धरतात. सूर्य ढगाआड गेला की ओसरतात.

हेच बुडबुडे १७७९ साली यान इंगेनहाउझ नावाच्या डच वैद्यानं इंग्लंडात टिपले. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या पोरांना देवी टोचून नाव कमावलेला हा माणूस. त्यानं पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली, बुडबुडे आले. अंधारात ठेवली, बंद. ही करामत सूर्याच्या उबेची नसून उजेडाची आहे आणि ती झाडाचा हिरवा भागच करतो, हे त्यानं दाखवलं.

पण उजेडात तर सगळे रंग मिसळलेले. पानाला त्यातला कोणता लागतो? १८८२ मध्ये एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञानं गंमतच केली. सूक्ष्मदर्शकाला लोलक जोडून त्यानं हिरव्या शेवाळाच्या एका तंतूवर चिमुकलं इंद्रधनुष्य पाडलं. त्याच थेंबात प्राणवायूकडं धावणारे जिवाणू सोडले. मोजायला यंत्र नव्हतंच, जिवाणूच साक्षीदार! बघतो तर काय, तांबड्या पट्ट्यापाशी जिवाणूंची झुंबड, दुसरी निळ्या-जांभळ्यापाशी, आणि हिरव्यात तुरळक. जिथं प्राणवायू जास्त, तिथं पानाचं काम जोरात. हिरवा रंग पान अगदीच वाया घालवत नाही, पण त्याची खरी भूक तांबड्या-निळ्याची.

आता आपल्या डोळ्याची आवड कोणती ते बघायला भंडारदऱ्याला चल. मे सरत आला, वळीव पडून गेला की पुरुषवाडी, घाटघरच्या झाडांवर काजवे लखलखतात. त्यांचा उजेड पिवळसर हिरवा असतो. आपल्या डोळ्याला भर उजेडात सगळ्यात तेजस्वी वाटतो तो याच्याच शेजारचा रंग, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा. म्हणजे डोळा आणि पान यांची आवड वेगळी. दुकानात खोक्यावर ‘लुमेन’ लिहिलेलं असतं, ते डोळ्याच्या आवडीनं मोजलेलं. पानाचं माप ‘पार’ नावाचं. त्यात ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले उजेडाचे सगळे कण सारखेच मोजतात. दिव्यावर तो आकडा दिला असेल तर आधी तो वाच.

नसला तरी अडत नाही. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरचा पिवळसर थर थोड्या निळ्याचा पिवळा-तांबडा करतो, आणि मिसळून पांढरं दिसतं. निळा एलईडी घडवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. पानाला हवे ते दोन्ही टोकांचे रंग या पांढऱ्यात सापडतात. म्हणून जांभळट दिवे शोधत फिरू नको. त्यात झाडं वाढतात, पण मासे आजारी दिसतात. ६५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा दिवा घे. असे दोन पांढरे दिवे एकमेकांशी ताडून बघायला लुमेनही चालतं. हौशी लोकांचा ठोकताळा लिटरमागं १५ ते २५ लुमेनचा. तुझी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे सुमारे ५६ लिटरची. तिला साधारण ८५० ते १४०० लुमेन पुरतात.

झाडाझाडाची भूकही निराळी. जावा फर्न, ॲनुबियास मंद उजेडात सुखी. तांबूस पानांच्या रोटालाला जास्त लागतो. आणि हायड्रिला? ते भर उन्हाच्या एक टक्का उजेडावरही तग धरतं. १९५० च्या दशकात शोभेच्या टाक्यांसाठी ते अमेरिकेत फ्लोरिडाला गेलं, तिथून पाण्यात सुटलं आणि कालवे तुंबवून बसलं. म्हणून टाकीतली परकी झाडं आपल्या ओढ्यात, कालव्यात टाकायची नाहीत. नाथसागर तर अभयारण्य. तिथलं उपटूनही आणायचं नाही.

‘मग खूप उजेड दिला तर खूप वाढेल’ असं तुला वाटेल. तव्याखाली जाळ वाढवला म्हणून पिठावाचून भाकरी होत नाही. पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड आणि खत कमी असेल, तर वाढवलेला उजेड झाडाला वापरता येत नाही आणि शेवाळाचं फावतं. नगरच्या उन्हाची खिडकी टाळायची ती याचसाठी. शिवाय मे महिन्यात पाणीही तापतं. नव्या टाकीला रोज सहा तास दे, टायमर लावून. झाडं रुजली की आठ.

मग पंधरा दिवसांनी नवी पानं बघ. देठ लांबुळका होऊन पानं विरळ आली, तर उजेड अपुरा. काचेवर, पानांवर हिरवा लेप चढला, तर जास्त. दुपारी पानांना बुडबुडे धरले, तर इंगेनहाउझची शाबासकी. पण पाणी बदलल्या बदलल्या दिसणारे बुडबुडे मोजू नकोस. ते नळाच्या पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात.

आणि बदल करायचाच झाला, तर आधी तास बदल, मग दिव्याची उंची. दुकानात जायचं सगळ्यात शेवटी.