ओस वाडी आणि शेवटची बाई

जगातला शेवटचा माणूस! मेरी शेलीनं या विषयावर १८२६ मध्येच कादंबरी लिहिली. पण माझी आवडती डेव्हिड मार्कसनची ‘विटगेनस्टाईन्स मिस्ट्रेस’ (१९८८). ५४ वेळा साभार परत आलेली. केट नावाची बाई समुद्रकाठच्या घरात एकटीच टाइप करत बसते. एकेका वाक्याचे परिच्छेद, कथानक जवळपास नाहीच. म्हणे लूव्र संग्रहालयात राहून तिनं उबेसाठी चित्रांच्या चौकटी जाळल्या. खरं की भ्रम? मार्कसन काही सांगत नाही.

आम्हा जतकरांना हे परकं वाटू नये. आपल्याच जिल्ह्यातले, आटपाडीजवळच्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आठवा. तिथंही रूढ कथानक नाही. नायक म्हणजे अख्खी वाडी. पाऊस दडी मारतो, मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात. मागं ओस वाडी आणि ती बघणारा राजाराम मास्तर. ऊसतोडीच्या हंगामात कुलूपबंद घरांसमोरून जाताना मला हाच मास्तर आठवतो, केट नंतर.

वाचणार असाल तर आधी माडगूळकर घ्या. मार्कसन जरा हट्टी आहे, पहिली तीसेक पानं सोसावी लागतात.