किशोरवयीन मन आणि द्विध्रुवी विकार

वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींच्या झोपेची खरी माहिती आईवडिलांना नसते. ती अधीक्षकांना आणि शेजारच्या गादीवरील मित्राला असते. द्विध्रुवी विकाराविषयी लिहिताना झोपेपासून आरंभ करण्याचे कारण हेच. या आजाराची पहिली खूण पुष्कळदा रात्री दिसते आणि ती पाहणारा माणूस घरचा नसतो.

या विकारात मन कधी उन्मादाच्या, तर कधी नैराश्याच्या टोकाला जाते. मधल्या काळात ते पूर्ववत असते. या दोन्ही अवस्था एकाच आजाराची रूपे आहेत, हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ साली मांडले. आजाराची सुरुवात बहुधा किशोरवयाच्या उत्तरार्धात किंवा ऐन तारुण्यात होते.

या वयात राग, रुसवे, उदासी असायचीच. मग आजार ओळखावा कसा? परीक्षेसाठी जागणारा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी पेंगतो. उन्मादाच्या उंबरठ्यावरचा मात्र तीन तास झोपूनही ताजातवाना असतो. तो अखंड बोलतो, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी घेतो, अचाट बेत आखतो, पैसे उधळतो, अडवताच भडकतो. घातक बाब अशी, की आरंभी याचे कौतुकच होते. ‘पोट्टा आता अभ्यासाले लागला’ असे म्हणून आपण समाधान मानतो. ही स्थिती आठवडाभर टिकली, तर तो उत्साह नव्हे. पुढे तेच मूल दोन-दोन आठवडे कोमेजते, जेवण टाळते, खेळ सोडते, ‘माझा काही उपयोग नाही’ असे म्हणू लागते. मरणाची भाषा निघाली, तर त्याला क्षणभरही एकटे ठेवू नये.

मेंदूतील पेशी रासायनिक द्रव्यांद्वारे परस्परांना संदेश देतात. डोपामिन उमेद आणि आनंदाची ओढ जागवते, नॉरअॅड्रेनॅलिन सावधपणा राखते, सेरोटोनिनचा संबंध मनःस्थिती व झोपेशी आहे. उन्मादात डोपामिनची यंत्रणा अतिक्रियाशील होत असावी, असे संशोधक मानतात. तथापि हा प्रश्न भाजीतील मिठासारखा केवळ कमी-जास्त प्रमाणाचा नाही. पेशी तो संदेश कसा स्वीकारतात आणि शरीराचे घड्याळ कसे चालते, यांचाही त्यात वाटा असतो. त्यातच आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. आनुवंशिकतेचा प्रभाव मोठा आहे. तरीही आजारी आईच्या किंवा वडिलांच्या बहुतेक मुलांना हा विकार होत नाही.

ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली लिथियमचा गुण दाखवून दिला. ते आजही प्रमुख औषध आहे. मात्र रक्तातील त्याचे प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉईड यांची नियमित तपासणी आवश्यक असते. एक गोष्ट पालकांनी विसरू नये. आजार पुष्कळदा नैराश्याने सुरू होतो, आणि केवळ नैराश्याची गोळी दिल्यास काहींमध्ये उन्माद उसळतो. म्हणून पूर्वीचे ‘अतिउत्साहाचे’ दिवसही डॉक्टरांना सांगावेत. बरे वाटले म्हणून औषध मनाने बंद करणे, हे आजार परतण्याचे नेहमीचे कारण.

आपल्या भागात अजूनही काही घरे आधी मांत्रिकाचे दार गाठतात. यात महिने जातात, आणि ते त्या मुलाच्या आयुष्यातील ऐन शिक्षणाचे महिने असतात. भूतबाधा सांगून वैद्यकीय उपचारांपासून रोखणे व अघोरी उपाय करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. पुढील उपचारांसाठी नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

पहिल्या भेटीस जाताना एका साध्या वहीत मूल कधी झोपले, कधी उठले, कोणत्या तारखेपासून वागणे बदलले, घराण्यात असा त्रास कुणाला होता, हे लिहून न्यावे. वसतिगृहातील नोंद अधीक्षकांकडून मागून घ्यावी.