नोंद आहे, पण सापडत नाही

परभणी जिल्ह्याचे नऊ तालुके एका तक्त्यात भरा: परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा. प्रत्येकापुढे कापसाच्या आवकेचा आकडा लिहा. नऊ ओळींना इंडेक्सची, म्हणजे डेटाबेस शोधासाठी ठेवतो त्या सूचीची, गरज नाही. नऊ कोटी झाल्या की त्याच्याशिवाय पान हलत नाही. आणि इंडेक्स बिघडला की विचित्र प्रकार होतो. सेलूची ओळ तक्त्यात जशीच्या तशी असते, पण 'सेलू' शोधलं की एकही नोंद मिळत नाही. सर्व्हर चालूच, एररही नाही. त्यापेक्षा बंद पडणारा सर्व्हर परवडला, तो निदान बोंब तरी मारतो.

पोस्टग्रेसक्यूएल या मुक्तस्रोत डेटाबेसमध्ये असाच एक बग अनेक वर्षं दडून होता. तो जानेवारी २०१७ च्या अखेरीस उघड केला पुण्याच्या पवन देवलसी यांनी. फेब्रुवारी २००८ मध्ये आलेल्या ८.३ आवृत्तीतली 'हॉट' ही सोय मुख्यतः त्यांचीच. पोस्टग्रेस ओळ बदलताना जुनी जागेवर खोडत नाही, नवी प्रत लिहितो. बदललेल्या रकान्यांवर इंडेक्स नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर 'हॉट'मुळे नवी प्रत तिथेच बसते आणि इंडेक्सला हात लावावा लागत नाही. लिहिण्याचं बरंच काम वाचतं.

खोच पुढे आहे. तक्त्यात लिहिणं न थांबवता नवा इंडेक्स बांधायचा तर 'क्रिएट इंडेक्स कन्करंटली' ही कमांड वापरतात. समजा, आवकेच्या रकान्यावर असा इंडेक्स बांधणं चाललंय आणि त्याच वेळी कुणी मानवतचा आकडा बदलतोय. कोणत्या रकान्यांवर इंडेक्स आहेत, याची यादी बदल करणारी प्रोसेस मेमरीत ठेवते. क्षणाचा फरक पडून तिच्याकडे जुनीच यादी राहिली, की आवकेवर इंडेक्स नाही असं समजून ती 'हॉट'चा रस्ता धरते. नव्या इंडेक्समध्ये मानवतचा जुनाच आकडा राहतो.

देवलसी तेव्हा 'वॉर्म' नावाच्या पुढच्या सुधारणेवर काम करत होते. जास्त ताण देऊन चाचणी घेताना माहिती जुळेना. संशय अर्थातच स्वतःच्या नव्या कोडवर गेला. बराच शोध घेतल्यावर कळलं की 'वॉर्म' बाजूला काढलं तरी बग आहेच, अगदी ९.२ पर्यंतच्या जुन्या आवृत्त्यांतसुद्धा. मला या प्रकरणात हीच पायरी सर्वात मोलाची वाटते. आपलं कोड वगळून पाहण्याचा कंटाळा पुष्कळांना असतो. पोस्टग्रेसचे डेव्हलपर टॉम लेन यांच्यासह केलेली दुरुस्ती ९ फेब्रुवारी २०१७ रोजी ९.६.२ आणि इतर चार जुन्या शाखांमध्ये आली. 'वॉर्म' मात्र मुख्य पोस्टग्रेसमध्ये कधीच गेलं नाही.

परभणीत बसून कुणाला असा संशय आला तर इंडेक्स स्कॅनच्या सगळ्या सेटिंग बंद करून तीच क्वेरी पुन्हा चालवावी. उत्तर बदललं, तर चोर इंडेक्समध्ये आहे. दहाव्या आवृत्तीपासून 'एएमचेक' हे तपासणीचं साधनही सोबत मिळतं. लिनक्स नुकतंच अपग्रेड केलंय का, हेही पाहावं. लिनक्समधल्या जीलिबसी या लायब्ररीच्या २०१८ च्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले आणि मजकुरावरचे जुने इंडेक्स अनेक ठिकाणी चुकीचे ठरले. त्यात पोस्टग्रेसचा दोष नव्हता.

एवढं करूनही बग उरला, तर रिपोर्ट. "डेटाबेस नीट चालत नाही" या वाक्याचा कुणालाच उपयोग नसतो. पोस्टग्रेसची नेमकी आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, रिकाम्या डेटाबेसपासून सुरू होणाऱ्या कमांड, काय अपेक्षित होतं, काय मिळालं, हे सगळं हवं. शेतकऱ्यांची खरी नावं आणि आधार क्रमांक त्यात अजिबात नकोत. वरचे नऊ तालुके आणि मनाने घातलेले आकडे पुरतात. वेळेच्या चुकामुकीतून होणारा बग एका कनेक्शनवर दिसत नाही, तेव्हा 'पीजीबेंच' या पोस्टग्रेसच्या चाचणी साधनाने अनेक कनेक्शन एकदम सोडावी लागतात.

आणि हो, 'क्रिएट इंडेक्स कन्करंटली' ही कमांड चौदाव्या आवृत्तीत वेगळ्या कारणाने पुन्हा बिघडली होती. १६ जून २०२२ च्या १४.४ मध्ये ती दुरुस्त झाली. कुठे १४.० ते १४.३ अजून चालू असेल, तर आधी आवृत्ती बदला आणि मग कन्करंटली बांधलेले इंडेक्स तपासून बिघडलेले नव्याने बांधा. नुसत्या अपग्रेडने ते दुरुस्त होत नाहीत.